पाठीवरची कारवी

आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! कापड तेच, दोरा तोच, फूल तेच... आणि मशीन म्हणतं, ओळखत नाही! अहो, वेल्ह्यात माझं ब्लाऊजवर भरतकाम करायचं दुकान, कॉम्प्युटरचं मशीन घेतलंय, तर गुंजवण्याची राजनंदिनी लग्नाचा ब्लाऊज घेऊन आली. आणि पाठीवर भरायला, पेनड्राईव्हमध्ये, लॅपटॉपवर स्वतः काढलेलं कारवीचं फूल! म्हणाली, "स्नेहलकाकू, मांडवात दुसऱ्या कुणाच्या पाठीवर हे दिसता कामा नये हं." म्हटलं, नाही गं बाई!

हळद परवावर आलेली, मी पेनड्राईव्ह लावते, मशीन ढिम्म! कंपनीला फोन केला, तर तो गोड आवाजात, "मॅडम, आमच्याच सॉफ्टवेअरमधली फाईल लागते, ते विकत घ्या ना." अरे, कापड तेच, दोरा तोच, फूल तेच, मग तुझ्या मशीनला परक्या घरचं फूल का चालत नाही? सोवळ्यात बसलंय का ते?

शेवटी भोरहून भाची आली, आरती. "मामी, हे दुसरं सॉफ्टवेअर घ्या, सगळ्या मशीनची भाषा येते याला. आणि फुकट!" मी म्हटलं, फुकट? गोम काय? तर म्हणाली, "अट एकच. यात सुधारणा करून कुणाला दिलं, तर ती कशी केली तेही द्यायचं. पुढच्याला अडवायचं नाही." अगं, मग हे विरजण झालं! शेजारणीकडून आणायचं, आणि मागायला येईल तिला नाही म्हणायचं नाही!

तुम्हाला सांगते, मशीन असं धावलं... फूल काय उठलं पाठीवर!

तेवढ्यात नवरीची आत्या, ठकुबाई, दारात. "आगं स्नेहल, माझ्याबी पाठीवर काढ की. न्हाई म्हंतीस व्हय?" आता विरजणाला नाही कसं म्हणू? काढलं. मग तिची जाऊ आली, जावेची सून आली, पानशेतच्या दुकानवालीनं तर फाईलच नेली... दिली बाई, अट म्हणजे अट!

लग्नात अक्षता पडल्या, बायका ओवाळायला उठल्या, पाठमोऱ्या झाल्या... कापड वेगळं, दोरा वेगळा, फूल मात्र तेच! राजनंदिनी माझ्याकडे अशी बघतेय... आणि आरती कपाळाला हात लावून, "अहो मामी, अट सॉफ्टवेअरला होती, फुलाला नव्हती! फूल तिचं होतं!"

आता काय करता? नवरीला जवळ घेतलं, म्हटलं, बाळा, चुकलंच माझं, पण तू तरी कारवीच का काढलीस गं? सात वर्षं गप्प असते, आणि फुलते तेव्हा अख्खा डोंगर फुलतो!