जिभाऊंच्या मोटरीला बंदचा ठोकळा

चहा होईपर्यंत जिभाऊंच्या मोटरीचं ऐका. शहाद्यात आमचा रविवारचा गट होता, तेव्हाची गोष्ट. आठ-दहा जण, एक लॅपटॉप, आणि पडद्यावर रंगीत ठोकळे जोडून मोबाइलचं ॲप बनवायचं. मोटरीचा ठोकळा घ्या, त्याला ‘चालू’चा जोडा, झालं!

ब्राह्मणपुरीचे जिभाऊ आमच्यात सगळ्यात वयस्कर, पण शेतातली पाण्याची मोटर फोनवरून पहिली त्यांचीच चालली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, “जिभाऊ, बंदचा ठोकळा कुठंय?”

“तो कसाले? लाईन सोताच जास ना!”

आणि आम्हाला सगळ्यांना ते पटलं, हो! लाईन, म्हणजे वीज, गेली की मोटर थांबते, जन्मभर तेच बघितलेलं.

पुढं जिभाऊ लग्नाला सुरतेला गेले. तिथून पाहुण्यांसमोर ऐटीत मोटर चालू केली, आणि नेमकी त्या दिवशी लाईन गेलीच नाही. केळीची बाग भरून पाणी शेजारच्या दगाआप्पांच्या कापसात शिरलं. मोटरीच्या पेटीला कुलूप, आणि किल्ली जिभाऊंच्या खिशात. आप्पांचा फोन आला, “जिभाऊ, मोटर बंद करा!”

“कसी करू? ठोकळाच नही शे!”

रविवारी दगाआप्पा गटात हजर. आम्हाला वाटलं, आता भांडण. ते जिभाऊंशेजारी खुर्ची ओढून बसले.

“माले एकच ठोकळा शिकाडा, मोटर बंद कराना तो.”

गट केव्हाच पांगला, लॅपटॉपही गेला. मोटर मात्र अजून तशीच आहे. चालू जिभाऊंच्या फोनवरून होते, बंद दगाआप्पांच्या.