एकाच रकान्याची क्रमवारी

— नाही हो, तुमच्या सॉफ्टवेअरला वाईट कोण म्हणतंय? खास आकडेवारीसाठीच बनवलंय, चांगलंच असणार. मी एवढंच म्हणते, की या दवाखान्याच्या नोंदी अकरा वर्षं मी कॉम्प्युटरवरच्या साध्या शीटमध्ये ठेवल्या — कुणाचं काही अडलं? नाही अडलं. शीट कसं, सगळं डोळ्यांसमोर — चौकटीत जायचं, आकडा बदलायचा, झालं. तुमच्यात आधी आज्ञा लिहा, मग ती चालवा, मग उत्तर वाचा — आणि वर कोणी, कधी, काय केलं याची नोंद कायमची! माझ्या सासूबाईसुद्धा एवढं लक्षात ठेवत नव्हत्या. हसताय काय, खरंच सांगते.

जुनी फाइल? ती कशाला आता — नव्या पेशंटपासून सुरू करा की. आहे हो, असणार ना, जाते कुठे. रक्तदाबाच्या गोळीची. तीनशे बारा माणसं, निम्म्यांना मोठी गोळी, म्हणजे जास्त ताकदीची, निम्म्यांना लहान, आणि चक्कर येऊन कोण पडलं ते शेजारच्या रकान्यात. मोठीनं रक्तदाब चांगला उतरतो, भीती होती ती पडण्याची. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतंय? मी म्हटलं, काही फरक नाही, दोन्हीकडे सारखेच पडतात. मग त्यांनी सगळ्यांनाच मोठी सुरू केली. माझ्या ताईलाही — थोरली बहीण माझी, ती पण त्या तीनशे बारांत होती. आता भिंत धरून चालते. गेल्या आठवड्यात मोरीत पडली, मनगट मोडलं. म्हणाली, वय झालं गं माझं. आणि मी — मी हो म्हटलं.

एक विचारू? सहज हं. तुमच्यात क्रम लावला की माणसाची अख्खी ओळ हलते ना? एकटा रकाना नाही ना हलत? — नाहीच हलत. वाटलंच मला. शीटमध्ये हलतो. म्हणजे, विचारतं ते बिचारं — शेजारचे रकानेही घेऊ का? — पण डॉक्टर दारात उभे, मला मोठ्या-लहान गोळ्या पटकन मोजायच्या होत्या, मी दाबलं 'नाही'. तेवढ्यानं याची गोळी त्याच्या नावावर, त्याची हिच्या. आणि शीटवर कसली खूण नाही — उलट जास्तच नीटनेटकं दिसायला लागलं, आणि तेच बघून मी डॉक्टरांना म्हटलं, काही फरक नाही. ताई पडली तेव्हा मूळ कागद काढले, त्या कपाटात आहेत. तिच्या कागदावर लहान गोळी, शीटमध्ये मोठी. मग आणखी वीस काढले. नऊ चुकीचे. चार दिवस झाले, हो, चार दिवस — कपाटाची किल्ली पदराला बांधून फिरतेय, आणि रोज सकाळी नवी माणसं ती मोठी गोळी घेऊन जातात. मला लाज वाटते हो. भीती वाटते. तुमचं ते सॉफ्टवेअर नको होतं ते यासाठीच — दुसरं काही नाही, त्यात सगळं लिहिलेलं राहतं.

असे बघू नका माझ्याकडे. उठा. मोठे डॉक्टर वरच्या मजल्यावर असतील, त्यांना बोलावून आणा — म्हणावं, नोंदीवाल्या बाईंनी कपाट उघडलंय, गोळी आत्ता थांबवा. जा ना! नाहीतर मी परत कुलूप लावीन.