खालचा कांदा

माझी अ‍ॅडमिशन कशी झाली, सांगितलं नाही ना कधी? माझे वडील, अण्णा, लासलगावला कांद्याचे व्यापारी. नाशिकच्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशनच्या मॅडमनी डिझाइन, लॉ, मॅनेजमेंट अशा प्रत्येक स्कूलच्या टॉपरचे फोटो दाखवले. अण्णा म्हणाले, "ट्रॉलीत वरचा कांदा चांगलाच राहतो, ताई. खालचा दाखवा."

मग अण्णांनी थेट कँटीन गाठलं आणि एकट्या बसलेल्या मुलाला विचारलं, "बीबीए कसंय?"

"काका, माझे दोन विषय राहिलेत. पण सर सुट्टीतही बोलावून शिकवतात."

"भर फॉर्म," अण्णा मला म्हणाले.

पुढे त्याच मुलाशी लग्न करायचं म्हटलं, तर घरात सगळे नाराज. अण्णा तेवढे हसले. "मीच खालून काढून पाहिलाय त्याला."

आता अण्णा नाहीत. बाजारात कांदे घेताना नवरा मात्र अजून ढिगाच्या तळाशी हात घालतो.