सावरीवरचं घरटं

माई : मग सांग ना. रोज दुपारी गच्चीवर जाऊन कोणाला बघतेस?

सरला : कोणाला नाही, माई.

माई : आज नदीवर उमाबाई चार बायकांत बोलली मला. म्हणे, नर्मदाबाई, तुमचा कृष्णा तिकडे देवासला आणि सून इकडे भर उन्हात गच्चीवर. कपाळावर हात धरून टक लावून उभी. मला मान खाली घालावी लागली.

सरला : उमाकाकूंनी मान वर केली असती तर त्यांनाही दिसलं असतं. आपल्या मागच्या सावरीवर गरुडांचं घरटं आहे. जोडा आहे.

माई : घारी असतील.

सरला : चील नाही, माई. चीलपेक्षा कितीतरी मोठे. अंग काळपट, डोकं फिकं, शेपटीवर पांढरा पट्टा. एक घरट्यात बसतो, दुसरा नर्मदेतून मासा आणतो. पिल्लू एकच आहे. परवा त्याने मान वर काढली. माहेरी घर कसं भरलेलं असायचं. इथे तुम्ही दुपारी पडता, मग मी काय करू? तेच बघते.

माई : मासा आणतो म्हणालीस? म्हणजे त्या दिवशी वाळत घातलेल्या माझ्या सांडग्यांवर तडफडत पडला तो...

सरला : त्याच्याच पंजातून निसटलेला.

माई : आणि मी कावळ्यांना शिव्या देत बसले! सगळे सांडगे टाकले, बाज धुतली, डोक्यावरून न्हाले. त्याच दिवशी ठरवलं, ते झाडच नको. सावर मी होळीला देऊन टाकलीये. आळीच्या होळीचं बघणारा तो उमाशंकर उद्या माणसं घेऊन येतोय.

सरला : देऊन टाकली? माई, वर पिल्लू आहे!

माई : मला काय ठाऊक वर कोण आहे ते! आळीला शब्द दिलाय मी.

सरला : मागे नाही घेता येणार?

माई : धारच्या दरबारात यांची चाकरी होती तोवर घराला मान होता. हे गेले तेव्हा कृष्णा रांगत होता. तेव्हापासून या गावात मी घर चालवलं ते शब्दावर. आता दरबारही गेला आणि कृष्णाची बदली देवासला झाली. माझ्याकडे राहिलंय काय? आणि तो शब्द पाखरासाठी मागे घेऊ?

*

उमाशंकर : राम राम, माई. मजूर आणलेत, कुल्हाड्या बाहेर ठेवल्यात. मोहल्ल्यात सगळ्यांना बोललो, भिया, यंदाची होली बघा. असा सेमल अख्ख्या धरमपुरीत नाही.

सरला : उमाशंकरभैया, थोडे दिवस थांबता येईल का? पिल्लू उडेपर्यंत?

उमाशंकर : भाभी, होली कुठे थांबते? आणि पिल्लाचं तर समजा खतमच झालं. नर गेला ना काल.

सरला : गेला म्हणजे?

उमाशंकर : इंदूरकडचे कोणी पाहुणे आले होते, बंदूकवाले. बदकं मारायला नाव घेऊन गेले. बदक एक नाही मिळालं, तर यालाच उडवला, बसल्या जागी. रेतीवर पडला होता, पंख हे एवढे! पाहुण्यांनी हातपण नाही लावला. चालले गेले.

सरला : म्हणून ती कालपासून ओरडतेय. मला वाटलं...

माई : काय वाटलं?

सरला : उशीर झाला असेल. येईल.

उमाशंकर : मादा एखाद दिवस बसेल, मग ती पण उडून जाणार. जनावराचं असंच असतं, माई. एकटी काय पोसणार?

माई : एकटी काय पोसणार?

उमाशंकर : हां, मग?

माई : सरला, हात दे मला. गच्चीवर जायचंय.

सरला : तुमचे गुडघे, माई...

माई : गुडघे दुखतात, मोडले नाहीत. चल.

(दोघी गच्चीवर. उमाशंकर खाली अंगणात.)

माई : कुठे आहे?

सरला : त्या बेचक्यात. काड्यांचा ढीग दिसतोय ना, तिथे.

माई : अगंबाई, केवढी ही! पंख असे काय धरलेत? आजारी आहे का?

सरला : पिल्लावर सावली करतेय. सावरीला आत्ता पान नाही एक.

माई : आणि हे कावळे?

सरला : ती कधी उठते त्याची वाट बघतायत. म्हणून ती उठत नाही. कालपासून दोघांच्या पोटात काही नाही.

माई : कालपासून.

सरला : हो.

माई : उमाशंकर! ऐकू येतंय का रे?

उमाशंकर : बोला माई!

माई : सावर मिळणार नाही!

उमाशंकर : आँ? माई, जबान दिली होती तुम्ही!

माई : होळीला लाकूड देईन म्हणाले होते. गोठा घे. गाय गेल्यापासून रिकामाच आहे. तुळया आहेत, दारं आहेत, सगळं उतरव.

उमाशंकर : अहो, ते सागवान आहे! सागवान कोणी होलीत जाळतं? लोक हसतील.

माई : मलाच हसतील ना? हसू देत.

उमाशंकर : आणि मादा उद्या उडून गेली तर?

माई : गेली तर सांगायला ये मला.

*

सरला : माई, आज ती उठली. नदीपर्यंत गेली नाही तोच कावळे घरट्यावर. मी पितळी बडवत राहिले. ती रिकामीच परत आली.

माई : ऐकली पितळी. उमाबाईनेही ऐकली. विचारत होती, सुनेला काय झालं म्हणून.

सरला : मग काय सांगितलंत?

माई : गरुडाचं पोर राखतेय म्हटलं. खरं तेच सांगितलं. उमाशंकर आहे का गं बाहेर?

उमाशंकर : इथेच आहे, माई. शेवटच्या तुळया गाडीत घालतोय.

माई : जरा इकडे ये. हळू बोल. नावाड्यांकडे मासे मिळतात ना?

उमाशंकर : माई! तुमच्या घरात...

माई : हळू म्हटलं ना. घरात नाही आणायचा. सावरीच्या खाली रेती आहे, तिथे ठेवायचा. रोज सकाळी. लांब जावं लागू नये तिला. पिल्लू नजरेत राहिलं पाहिजे.

उमाशंकर : ठेवलेला उचलेल ती? शिकारी जात आहे.

सरला : उचलेल. मेलेला, वाहून आलेला उचलताना पाहिलंय मी.

उमाशंकर : मी ठेवेन, माई. पण नावाडी विचारतील, पंडितजी, तुम्ही मासा कोणासाठी नेता?

माई : कोणासाठी... सांग, नर्मदाबाईंनी मागितलाय.

उमाशंकर : तुमचं नाव सांगू?

माई : सांग. गोठा दिला तेव्हा हसायचं ते हसून झालं. आता आणखी काय हसतील!

*

सरला : माई, लवकर वर या! उमाशंकरभैया, तुम्ही पण! पिल्लू फांदीच्या टोकाला गेलंय.

माई : आले, आले. अगं, हे तर आईएवढं झालं!

उमाशंकर : डुलतंय बघा. पडणार हे.

सरला : गेलं! माई, गेलं!

माई : पाण्यात पडतंय गं... अरे, वर उचल रे स्वतःला!

सरला : पंख मारतंय. उठलं! पलीकडच्या रेतीवर उतरलं बघा. तोंडावर पडलं.

उमाशंकर : आणि आई वर चक्कर मारतेय. मी बोललोच होतो, माई, मादा उडून जाणार म्हणून.

माई : गेलीच की. पोराला घेऊन गेली.

उमाशंकर : ते पण खरं. उद्यापासून मासा बंद करू?

माई : अजून थोडे दिवस ठेव. नुसतं उडता येऊन भागत नाही, पोट भरता यायला हवं. आणि सरला...

सरला : काय, माई?

माई : कृष्णा आला की त्याच्याबरोबर देवासला जा तू. चांगली खोली मिळत नाही म्हणतो, ती कधी मिळायची? लहान असेल तर लहानात राहा.

सरला : आणि तुम्ही?

माई : मला काय झालंय!

सरला : माई, काय झालं? त्या भिंतीकडे काय बघताय?

माई : काही नाही गं. कृष्णा पहिल्यांदा चालला तो इथेच. मी गहू वाळत घालत होते. भिंत सोडली आणि सरळ माझ्याकडे आला. सांगायला घरात कोणी नव्हतं.

सरला : मग?

माई : मग काय. कडेवर घेतला आणि पाण्याला गेले.