वाऱ्याच्या यंत्राला नवी ताडपत्री

चूक भागोजीकाकांची. शंभर टक्के! वडीलधारे आहेत म्हणून गप्प बसू? अहो, झाकलं त्यांनी! वारा मोजायचं यंत्र, तुम्हाला सांगतो, झाकलं!

नाटे गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, ठेवलेला तो पांढरा डबा. समुद्रात पवनचक्क्या लावायच्या की नाही, ते त्याच्यावर ठरणार. त्यातून प्रकाश वर जातो नि दोनशे मीटरपर्यंत कुठे किती वारा ते कळतं. कारण हवा थराथरांनी बसली की खाली सगळं शांत नि वर धिंगाणा. समुद्र गरम, हवा गार असली की सगळं घुसळून एक... हे मला कळलं, बारावी सोडलेल्याला! चाळीस वर्षं होडी हाकणाऱ्या काकांना कळू नये?

त्या डब्याची राखण हीच माझी नोकरी. कंपनीचे साहेब म्हणाले होते, "मितेश, पावसाळ्याचे आकडे नीट येऊ देत, तुला कायम करतो." आणि मी बहिणीच्या बाळाच्या बारशाला दहा दिवस विरारला गेलो. काकांना म्हटलं, "जरा बघा हां." बघा म्हटलं होतं हो, झाका नाही!

नवव्या दिवशी साहेबांचा फोन. "अरे, वाऱ्याचा आकडाच येत नाही!" आता काय सांगू, विरारला जिलेबी खातोय? म्हटलं, "सर, मी यंत्राशेजारीच उभाय. वारा साफ पडलाय." आणि समोर टीव्हीवर बाई किंचाळतेय, "रत्नागिरीत वादळी वारे, झाडं उन्मळली..." साहेबांच्या घरीही तीच बाई!

धावतपळत आलो. बघतो तर... निळी ताडपत्री, वर माडाची झापं, नि दोरीच्या सात गाठी! पावसाळ्यात होडी बांधतात तस्सं! काका छाती काढून उभे. "मेल्या, भिजला असता ना डबा! माझ्या होडीला जुनी ताडपत्री घातली, तुझ्या डब्याला नवी."

"काका, तो वर बघतो! त्याचं आभाळच बंद केलंत!"

"पावसात काय बघायचंय रे वर?"

शेजारून त्यांची बायको, आवडाकाकू, "ओरडतोस काय त्यांना? झापं मी विणलीत." घ्या! अख्खं खानदान सामील! आणि वादळात गावातली कौलं उडाली, पण ह्यांची एक गाठ सुटेल तर शपथ. झाकलं म्हणजे काय झाकलं!

साहेबांना सगळं सांगितलं. शांतपणे म्हणाले, "यंत्र झाकलेलं एक वेळ समजू शकतो. शेजारी उभा होतास ना तू?"

माझी नोकरी गेली. पहिलीच होती.