शब्दावरचं खाचर

(माले गावाच्या पुढं, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला दादासाहेबांचं रिसॉर्ट आहे. दुपारचं जेवण उरकून ते गच्चीवर मुलाखतीला बसलेत. समोर सूसहून आलेली अपेक्षा; यशस्वी उद्योजकांच्या मुलाखतींचं पुस्तक करते आहे. टेबलावर तिचा मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. नम्रतेचा मुद्दा नुकताच संपला आहे, तो बराच वेळ चालला.)

दादासाहेब : ...म्हणून तरुणांना मी एकच सांगतो, मॅडम. कागद नंतर, शब्द आधी. कागद भिजतो, फाटतो, त्याला वाळवी लागते. शब्दाला काही होत नाही. माझा अख्खा धंदा शब्दावर उभा आहे. हे जरा ठळक अक्षरात घ्या.

अपेक्षा : घेते सर. प्रकरणाचं नावच 'शब्द' ठेवूया का? बाकीचे सगळे व्हिजन आणि टीमवर्कवरच बोललेत. वाचून वाचून मलाच झोप यायला लागली होती.

दादासाहेब : व्हिजन काय, शिबिरात जाऊन पण मिळतं. शब्द घरातनं यावा लागतो. आमच्या घरात तो होता. बाकी काही नव्हतं, मी शून्यातून सुरुवात केली.

अपेक्षा : शून्यातून म्हणजे? पोल्ट्रीपासून ना?

दादासाहेब : पोल्ट्री बसली. रोग आला, पक्षी गेले. पण मी पळालो नाही. देणेकऱ्यांपुढे ताठ उभा राहिलो. अपयशाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, हा माझा दुसरा धडा. तोही घ्या.

अपेक्षा : हो. पण 'शब्द'साठी एखादा प्रसंग हवा सर. नुसता उपदेश कुणी वाचत नाही.

दादासाहेब : प्रसंग आहे की. आमची आक्का. माझी थोरली बहीण, कमळ. वडील गेले तेव्हा या जमिनीत तिचा माझ्याएवढाच वाटा होता. मला तिचं हक्कसोडपत्र पाहिजे होतं. लोक म्हणायचे, बहीण अडवणार, हल्ली बहिणी वकील घेऊन येतात. तर ही माझ्या मागं मोटरसायकलवर बसून पौडला आली, कागद वाचलासुद्धा नाही, हसत हसत सही केली आणि म्हणाली, तू मोठा हो. असा विश्वास कुठल्या बँकेत मिळत नाही, मॅडम.

अपेक्षा : किती छान. आणि तुम्ही त्यांना काय शब्द दिलात?

दादासाहेब : मी? हेच की, माहेर तुटू देणार नाही. दर भाऊबीजेला साडी जाते. मी कामात असलो तर ड्रायव्हर देऊन येतो, पण जाते.

अपेक्षा : त्यांच्याशी बोलता येईल का? घरच्या माणसाचं एखादं वाक्य आलं की प्रकरणात जीव येतो.

दादासाहेब : म्हणूनच तर बोलावलंय. खाली किचनमध्ये बायकांत बसली असेल. मघाशी तुम्ही भाताचं कौतुक केलंत ना?

अपेक्षा : आंबेमोहोर ना? ताट यायच्या आधी वास आला. मेनूकार्डावर लिहिलंय, 'आमच्याच शेतातला'.

दादासाहेब : तो आक्काच पिकवते. ही बघा आली. ये आक्का. अगं, खुर्चीवर बस.

कमळ : हितं बरं हाय. खुर्चीत पाय लोंबत्यात माजे. काय काम काडलंस रं बारकू? ड्रायवर दारात आला, म्हनला, चला, दादासाहेबांनी बोलावलंय. मला कळंना कोन दादासाहेब.

अपेक्षा : बारकू?

दादासाहेब : घरातलं नाव आहे. ते नका घेऊ. आक्का, या अपेक्षा मॅडम. मोठमोठ्या उद्योजकांवर पुस्तक करतायत. त्यात मी आहे.

कमळ : बरं झालं. पोरी, जेवलीस का?

अपेक्षा : तुमचाच भात जेवले, मावशी. असा वास मी कधी घेतला नव्हता.

कमळ : आमच्या आयचं बी हाय ते. ह्यो म्हनत व्हता, नवं बी लाव, लई पिकंल. म्हनलं, पिकंल, पर वास कुटनं आनशील?

अपेक्षा : सर मघाशी तुमच्याबद्दलच सांगत होते. पोल्ट्री बुडाली तेव्हा ते कसे देणेकऱ्यांपुढं उभे राहिले, आणि तुम्ही...

कमळ : कोंबड्या मेल्या तवा? तवा तर ह्यो माज्या माळ्यावर व्हता की, पेंढ्यात. लोक दारात बोंबलत्यात, मी सांगतीया बारकू हितं आलाच न्हाई, आन् ह्यो वर शिंकतोय.

दादासाहेब : आक्का, ते राहू दे. तू सहीचं सांग. पौडचं.

कमळ : सही कुटली? आंगठा. सही मी मागनं शिकले. हसले मातर व्हते. तितल्या कचेरीतला मानूस म्हनला, बाई, हसताय काय, जमीन चालली तुमची. म्हनलं, कुटं चाललीय, भावाकडंच ऱ्हातीया.

दादासाहेब : हे घ्या मॅडम. जसंच्या तसं घ्या.

अपेक्षा : घेतलं. मावशी, सरांनीही तुम्हाला शब्द दिला होता म्हणे.

कमळ : दिलता की. त्यो काय समोर दिसतोय.

अपेक्षा : कुठं?

कमळ : ती जांभळ दिसती का? तिच्या खालचं खाचर. माज्या सासरी नुसता मुरमाड माळ, भाताला पानी ठरत न्हाई. म्हनून मी म्हनलं, बारकू, सगळं घे, पर आयचं खाचर मला जित्ती हाय तवर लावू दे. नावावर नगं, निस्तं लावाय. ह्यो म्हनला, आक्का, तू हायेस तवर तितं दुसऱ्याचा पाय पडायचा न्हाई. तवापासनं दर साल लावतीया. नवा तांदूळ आदी ह्याच्या घरी, मग माज्या चुलीवर.

अपेक्षा : हे सर बोलले नाहीत. ते जळाल्यासारखं काळं दिसतंय, तेच का?

कमळ : जळलं न्हाई गं. राब हाय त्यो, रोपांची जागा. शेन, पाला, गवात आंथरून भाजायचं. तन मरतं, रोपं जोमानं येत्यात. परवाच भाजलाय. आता पावसाच्या तोंडाला बी टाकीन. रोपं वर आली की आवनी, मंजी ती उपटून समद्या खाचरात लावायची. माल्याच्या बाया सावडीनं येत्यात. मी त्यांच्या रानात राबते, त्या माज्या.

अपेक्षा : पण सर, मघाशी तुम्ही जो प्लॅन दाखवलात त्यात तर तिथं...

दादासाहेब : तो विषय नंतर घेऊ.

अपेक्षा : सॉरी. मला वाटलं, मावशींना माहीत असेल.

कमळ : काय म्हाईत आसंल?

दादासाहेब : काही नाही गं. चहा सांगू का तुला?

कमळ : चा ऱ्हाऊ दे. पोरी, तू सांग. काय व्हनार हाय तितं?

अपेक्षा : लॉन, मावशी. लग्नकार्यासाठी. त्या जांभळीपासून खालच्या बांधापर्यंत.

कमळ : लॉन मंजी ते हिरवं गवात.

अपेक्षा : हो.

कमळ : भाताच्या खाचरात गवात लावनार. आयचा आन् माजा जलम गेला त्यातलं गवात उपटन्यात. कवा रं?

दादासाहेब : सोमवारी मुरूम येतोय. मी तुला सांगणारच होतो, निवांत.

कमळ : परवा मी राब भाजत व्हते तवा तू हितंच हुबा व्हतास. हात केलास मला.

दादासाहेब : पाहुणे होते बरोबर. त्यांना धुराचे फोटो पाहिजे होते.

कमळ : मला वाटलं, भाऊ बघतोय.

दादासाहेब : हे बघ आक्का, समजून घे. पुण्यातली लग्नं आता सगळी इकडं वळलीत. तुळशीचं लग्न झालं की पहिल्या तारखेचं बुकिंग आहे. पावसाच्या आधी भराव दाबला नाही तर गवत धरणार नाही.

कमळ : येवढी एक आवनी हू दे. दिवाळीला कापनी झाली की टाक तुजा मुरूम. बायांना सांगून बसलीया मी. समद्यांच्या रानात जायचं कबूल केलंय. आता माजं खाचरच न्हाई म्हनलं तर त्या कुटं फेडनार, आन् मी कोनच्या हक्कानं त्यांच्यात जाऊ?

दादासाहेब : त्या बायांना मी इथं कामाला लावतो. लॉनला पाणी मारायला, साफसफाईला माणसं लागणारच. तू नुसतं लक्ष ठेव त्यांच्यावर, सावलीत बसून. आणि तांदूळ म्हणशील तर वर्षाचा घरपोच पाठवतो. आंबेमोहोरच. बाजारात ढीग मिळतो.

कमळ : मी तांदूळ मागितला का रं तुला?

दादासाहेब : मग काय मागतेस?

कमळ : तू दिल्यालंच मागतीया. नवं काय न्हाई.

दादासाहेब : तवाची गोष्ट येगळी व्हती. तवा हितं कुत्रं फिरकत न्हवतं. आज रस्त्याकडंची जागा हाय ती. काय सोडाय सांगतीयास, कळतंय का तुला?

कमळ : कळतंय की. मी सोडलंय.

दादासाहेब : आक्का, उगा बोलाय लावू नगं मला. कागदावर कुटं हाय तुजं खाचर? दाव. हाय का कुटं एक वळ?

कमळ : न्हाई.

दादासाहेब : मग झालं तर.

अपेक्षा : सर, रेकॉर्डिंग चालू आहे.

दादासाहेब : बंद करा ते.

अपेक्षा : केलं.

कमळ : कागदाचं तुला म्हनून सांगते, पोरी. आमचं मालक तवा मला म्हनलं व्हतं, येवढं एक खाचर लिवून घे. मी भांडले त्यांच्यासंगं, अन्नाला शिवले न्हाई. म्हनलं, भावाकडं कागद मागायचा मंजी आपल्या हातानं माहेराला कुलूप घालायचं. मग भाऊबीजेला कोनच्या तोंडानं जाऊ? माहेर ऱ्हावं म्हनून कागद न्हाई मागितला. आज कागदबी न्हाई आन् माहेरबी न्हाई. मालक शानं व्हतं. आज आसतं तर जाऊन म्हनले आसते, तुमचं खरं झालं.

दादासाहेब : माहेर कुठं गेलं? माहेरातच बसलीयास की.

कमळ : पाव्हन्यांच्या हाटेलात बसलीया. बारकू, औंदा भाऊबीजेला ड्रायवर धाडू नगंस. साडी मी घ्यायची न्हाई.

दादासाहेब : आता परक्या माणसासमोर शोभा करणार का तू? मॅडम, हे घरातलं आहे, तुम्ही समजून घ्या. एवढा भाग काढून टाका.

अपेक्षा : कुठपासून काढू?

दादासाहेब : आक्का वर आली तिथपासून.

अपेक्षा : आणि 'शब्द'?

दादासाहेब : तो राहू द्या, तो माझा मुद्दा आहे. तिनं हसत सही केली तेही ठेवा. ते तर तिनं तुमच्यासमोर कबूल केलंय.

अपेक्षा : त्या अंगठा म्हणाल्या, सर.

दादासाहेब : सहीच ठेवा. पुस्तकात अंगठा बरा दिसत नाही.

अपेक्षा : सर, खरं सांगू का? हे ऐकल्यावर मला ते प्रकरण लिहवणार नाही.

दादासाहेब : असं कसं? तुमच्या प्रकाशकांशी माझं बोलणं झालंय. पुस्तकाचा समारंभ आपल्याच नव्या लॉनवर करायचा. जेवणासकट. मी शब्द देऊन बसलोय त्यांना. तुम्ही नाही म्हणालात तर दुसरं कुणीतरी लिहील, त्यात काय.

अपेक्षा : लॉनवर. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दादासाहेब : आता सांगितलं ना? मग?

अपेक्षा : बघते सर. लिहिते.

कमळ : तिला कशाला दटावतोस? तिच्या पोटाचं काम हाय ते. लिव पोरी, ह्यो सांगतोय तसं लिव. खोटं न्हाई काय त्यात. निम्मं हाय येवढंच.

अपेक्षा : मावशी, मला खूप...

कमळ : वाईट वाटून घिऊ नगं. प्वाटभर जेवलीस न्हवं? त्या खाचरातलं शेवटचं तू खाल्लंस. चांगल्या तोंडी लागलं. जाते मी, उनं कलली.

दादासाहेब : थांब, एक फोटो काढू. भाऊ आणि बहीण. प्रकरणाच्या पहिल्या पानावर येईल. इकडं भिंतीला लागून उभी राहा. तिकडं नको, मागं ते काळं दिसतंय.

कमळ : हितंच काड. सोमवारनंतर दिसायचं न्हाई.

अपेक्षा : सर?

दादासाहेब : काढा. मागचं नंतर कापता येतं. आक्का, जरा हस की. असलं तोंड नको पुस्तकात.

कमळ : हसते की. त्या दिशीबी हसलेच व्हते.