अजित, तोंडानं बोल

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या मराठी मित्रमंडळातले सगळ्यात जुने बेंगळुरूकर आदरणीय पद्माकरकाका, सत्कारमूर्ती श्री. अजितराव, त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. श्यामलावहिनी, आणि के. आर. पुरमच्या ट्रॅफिकमधून जीव मुठीत धरून इथवर आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी शुभदा. व्हाइटफील्डच्या ऑफिसात अजितरावांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी. मूळची नागपूरची, त्यामुळे आवाज जरा चढा आहे. मागच्या रांगेतल्यांची सोय झाली असं समजा. काकांनी बजावलंय, ‘शुभदा, स्वल्प आटपतं घे.’ सरी काका, बरं, आटपते. पण आज मला कुणाला हसवता येणार नाही. नोकरी गेलेल्या माणसाला आपण हार घालून अकोल्याला पाठवतोय. अशा वेळी ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ म्हणायची पद्धत आहे. माझ्या तोंडून ते निघत नाही.

आमच्या ऑफिसात पूर्वी मेसेजचा नुसता बाजार होता. सकाळी कुणीतरी ‘हाय’ लिहायचं आणि गप्प बसायचं. अहो, हाय काय? पुढे बोला ना! आपण ‘हाय’ लिहायचं, मग तो ‘कसे आहात’ विचारणार, आणि काम निघेपर्यंत दुपार व्हायची. रविवारी पोळी लाटताना साहेबांचा मेसेज. एखाद्या पोराची चूक झाली की ग्रुपवर सगळ्यांसमोर त्याची शोभा. या सगळ्याला वैतागून अजितरावांनी काही रीतीभाती ठरवल्या. कामाचं पहिल्याच ओळीत लिहा. ऑफिस सुटल्यावर कुणाला छळू नका. चूक दाखवायची तर खासगीत दाखवा. न विचारता फोन करू नका, आणि माणसाला अचानक खोलीत बोलावू नका, तो घाबरतो.

चूक होतं का यात काही? मुळीच नाही! मी स्वतः टाळ्या वाजवल्या. पोरं घरी वेळेवर जायला लागली, कुणाचा पाणउतारा होईना. कंपनीनं यांचा सत्कारही केला. हळूहळू आमचा मजला शांत झाला, सगळे खाली मान घालून टाइप करायला लागले. मला वाटलं, काय सभ्य लोक झालो आपण!

मग एका दुपारी अजितरावांना मेसेज आला. पाठवणारी आमची मॅनेजर भव्या, ऑफिसात आमच्याच रांगेत पलीकडे बसणारी. ऑफिसच्या वेळेत आला, खासगीत आला. पहिल्या ओळीत विषय: कंपनी माणसं कमी करते आहे आणि त्यात तुमचं नाव आहे. दुसऱ्या ओळीत तारीख. तिसऱ्या ओळीत मनापासून दिलगिरी. अजितरावांनी तो वाचला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, ‘शुभदा, बघ किती नेटकं लिहिलंय.’

मी तडक भव्याकडे गेले. म्हटलं, ‘अगं, माणूस चार पावलांवर बसलाय! तोंडावर सांगायला काय झालं होतं?’ तिचे डोळे भरलेले. म्हणाली, ‘अक्का, अजित सर ने ही तो सिखाया. अचानक बुलाती तो वो घबरा जाते.’ आता बोला! ती खोटं बोलत नव्हती हो. ती दुष्ट असती तर बरं झालं असतं, चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते. पण जिथं कुणी आवाजच चढवत नाही तिथं भांडायचं कुणाशी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

अजितरावांनी वरिष्ठांना लिहिलं, ‘पाच मिनिटं भेटून बोलता येईल का?’ उत्तर आलं, ‘आपलं म्हणणं कृपया इथेच लिहावं.’ यांनी काही लिहिलं नाही. त्या दिवसापासून हा माणूस बोलायचाच थांबला.

श्यामलावहिनी, मी आता जे सांगणार आहे त्याबद्दल माझ्यावर रागवा, चालेल मला. मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, ‘शुभदाताई, हे घरात एक शब्द बोलत नाहीत. आतल्या खोलीतून मला मेसेज करतात. कृपया चहा.’ बाप्पा! नवऱ्यानं बायकोला कृपया म्हणायचं? वीस वर्षांचा संसार आणि कृपया? वहिनी म्हणाल्या, ‘ओरडू देत, रडू देत, माझ्यावर डाफरू देत. पण एकदा यांना बोलतं करा हो. अकोल्याला सासूबाईंसमोर मी यांना असं गप्प घेऊन जाऊ कशी?’

म्हणून हा समारंभ. हार, श्रीफळ, शाल सगळं निमित्त. मला वाटलं, चार आपली माणसं समोर असली, आपली भाषा कानावर पडली, की गडी बोलेल. काका, माफ करा, हे कार्यक्रमपत्रिकेत नाही. अजित, हा माइक घे. ऑफिसला शिव्या घाल, भव्याला घाल, मला घाल. नाहीतर नुसतं ‘श्यामला’ म्हण. घे रे.

का रे? मान कशाला हलवतोस? आणि फोन कशाला काढलास? बरं, लिही बाबा. मी थांबते.

वाजले ना सगळ्यांचे फोन? मंडळाच्या ग्रुपवर आलंय. वाचते. ‘सर्वांचे मनापासून आभार. माझ्यामुळे जेवणाला उशीर व्हायला नको.’

संपलं. एवढंच लिहिलंय.

आणि हे काय? खाली अंगठे यायला लागले? हात जोडलेले, फुलांचे गुच्छ... अहो, कुणाला पाठवताय? तो हा इथं बसलाय ना! हाक मारली तर ऐकू जाईल त्याला! ठेवा ते फोन, पाया पडते तुमच्या.

वहिनी, माझ्याच्यानं नाही झालं. खूप मनात होतं, पण नाही जमलं हो मला.

अध्यक्षांनी मला दिलेल्यापेक्षा जास्त वेळ घेऊ दिला, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट चारचौघांत काढली, सत्कारमूर्तींना अरेतुरे केलं, भाषण सोडून भलतंच बोलले. आपली म्हणून पोटात घाला. अजित, तुझी माफी मागायचीय, ती मी लिहून नाही पाठवणार. आता पंगतीत तुझ्या शेजारी येऊन बसते. नको बोलूस हवं तर. मीही गप्प बसेन.